चप्पल, मनगट आणि सत्तर किलो बिबडे

नऊ फेब्रुवारी, रविवार. मागितलेली रक्कम अठरा हजार चारशे साठ रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, दुकानाचा मालक आणि मालकाची आई. आई खरं तर आतल्या खोलीत लसूण सोलत बसली होती, पण दार उघडं होतं आणि पुढे जे झालं ते पाहता तिला हजरच धरलं पाहिजे.

बैठक दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मालकाच्या घरात झाली. बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि प्लास्टर गळ्यातल्या झोळीत. मी हिशेब तोंडी सांगितला. डॉक्टर, एक्स-रे, प्लास्टर आणि औषधं मिळून पाच हजार आठशे सत्तर. जाण्यायेण्याची रिक्षा तीनशे चाळीस. उरलेले बारा हजार दोनशे पन्नास बिबड्यांचे.

"बिबडासना?" मालकाने विचारलं.

"बिबडासना," मी म्हटलं.

मी शहाद्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. गाडी काट्यावर येते, मी आकडा सांगतो, शेतकरी माझ्या तोंडाकडे बघतो. तिथे दोन किलो इकडेतिकडे झाले तर माणूस वर्षभर नावं ठेवतो. त्यामुळे आकडा फुगवायची मला सवय नाही. सरळ वीस हजार मागितले असते तर मालकाने पंधरावर तोडपाणी केली असती आणि दोघंही खूश झालो असतो, असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. पण अठरा हजार चारशे साठ झाले होते, तेवढेच मी मागितले.

बिबड्यांचं समजून घ्यायला हवं. आमच्याकडे ज्वारी भिजवून, आंबवून, भरडून तिचा घाटा शिजवतात. त्यात तीळ, लसूण, मिरची. मग उन्हात ओल्या कापडावर हाताने पातळ थापून वाळवतात. तळला की पापडासारखा फुलतो. माझी बायको नऊ वर्षांपासून मागणीप्रमाणे बिबडे करून देते. सुरुवात चार किलोंनी झाली होती, आता दर हंगामाला सत्तर किलो, आणि खर्च वजा जाता हाती राहतात ते बारा हजार दोनशे पन्नास. यंदा त्यातले चाळीस किलो प्रकाशाकडच्या एका लग्नघराचे होते. मुलीच्या रुखवतात मांडायचे आणि पाहुण्यांच्या पंगतीत वाढायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यायचे ठरले होते. लग्नघराला एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी ते दुसरी बाई शोधतात, आणि त्यांच्या पंगतीत जेवलेली घरंही त्याच दुसऱ्या बाईकडे जातात. बायकोला भीती होती ती याची. मनगट महिना-दीड महिन्यात जुळणार होतं. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक एकदा तुटलं की जुळणारं नव्हतं.

मला वाटत होतं, भरपाई मिळाली की तिला बरं वाटेल. तिला तसं अजिबात वाटत नव्हतं. रिक्षात बसताना ती म्हणाली होती, "तुम्ही पैसा मांगा. मी काय मांगू, ते त्यासना दुकानमा भेटत नही."

आता ती पडली कशी ते सांगतो.

हे दुकान आधी साधं किराण्याचं होतं. मालकाचे वडील ओट्यावर गादी टाकून बसत. गिऱ्हाईक ओट्याखाली चप्पल काढून वर चढे. वडील गेल्यावर पोराने जागा मोठी केली, काचेचं दार, पांढरी फरशी, ढकलायच्या टोपल्या, सगळं नवं. उद्घाटनाच्या दिवशी पूजा होती, म्हणून सगळ्यांनी दारात चप्पल काढली. पूजा संपली, पण चप्पल काढणं संपलं नाही. मालकाने कोणाला काढा म्हणून सांगितलं नव्हतं. बाहेर पाटीही नव्हती. पण एवढी चकचकीत फरशी, त्यात लक्ष्मीचं ठिकाण, आणि आधीच्या माणसाने काढलेली समोर दिसतेय म्हटल्यावर पुढचाही काढतो. शहाद्यात दुसरी दोन अशी दुकानं आहेत, तिथे लोक बूट घालून खुशाल फिरतात. याच दुकानात मात्र अनवाणी. बाजाराच्या दिवशी तर दोन पायऱ्यांवर चपलांचा एवढा ढीग पडतो की वरची पायरी दिसत नाही.

आणि आपल्या माणसाला चप्पल डोळ्यांनी शोधायची सवय नाही. हातात पिशव्या असतात, तोंड कोणाशी तरी बोलत असतं, पाय आपले अंगठ्याने चाचपत आपली जोडी शोधतात. बायकोने तेच केलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती बिबड्यांचंच सामान घ्यायला गेली होती. एका हातात तीळ-जिऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात तेलाचा पाच लिटरचा डबा. काचेचं दार पाठीने ढकलून ती बाहेर आली, पायाने चप्पल चाचपली, आणि भलत्याच चपलेच्या पट्ट्यात पंजा अडकून दोन्ही पायऱ्या एकदम उतरली. डबा वाचावा म्हणून तिने हात खाली टेकला. डबा वाचला.

डॉक्टरांनी मनगटाचं हाड तडकल्याचं सांगितलं आणि विचारलं, तेल सांडलं का? बायको म्हणाली, एक थेंब नाही. डॉक्टर म्हणाल्या, मग तेलाचंच प्लास्टर करू या. त्या हसल्या तशी तीही हसली, आणि हात हलल्यामुळे लगेच ओरडली.

गल्लीत कोणालाच भरपाई मागणं पटलं नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दुकानमा पडनी तर दुकानदार काय करी? उद्या तुम्ही मंदिरमा पडश्यात तर देवले पैसा मांगश्यात का?" मी म्हटलं, मंदिरात तेल विकत नाहीत. हे उत्तर मला बरं सुचलं असं वाटलं होतं, पण वहिनींना ते पटलं नाही.

तर बैठकीत मालक म्हणाला, "काका, तुम्ही घरना माणूस. मी नही म्हणत नही. पन पायरी मन्ही शे, चप्पल मन्ही नही. चप्पल गिऱ्हाईकनी. काढा असं मी कोनले सांगं का?"

"नाही सांगितलंस," मी कबूल केलं.

"मंग गिऱ्हाईकनी चप्पल, गिऱ्हाईकना पाय. मी मधमा कठे उना?"

मला हे म्हणणं निम्मं बरोबर वाटलं, आणि निम्मं बरोबर वाटणाऱ्या म्हणण्याला काय उत्तर द्यावं ते मला चटकन सुचत नाही. मी म्हटलं, "लोक तिथे काढतात हे तुला रोज दिसतं. बाजूला एक लोखंडी घोडी ठेवली असती चपलांसाठी, तर ढीग झाला नसता. घोडी बाराशेला मिळते."

"बाराशे म्हणजे घोडीना भाव काढीसनच उनात तुम्ही."

"काढला. येताना विचारला."

बायकोने डावा हात कपाळाला लावला. मालक हसला आणि म्हणाला, "बरं, पन ती चप्पल कोनी व्हती, हाई तरी समजनं का? त्यालेच विचारूत, बाबा, तू वाटमा कसाले काढी."

ते कळलं नव्हतं. बायको एवढंच सांगत होती की चप्पल बायकी होती, तपकिरी आणि मऊ. कोणाची ते ठाऊक नसल्यामुळे मी ते मागणीत धरलं नव्हतं.

आतून लसूण सोलायचा आवाज थांबला. मालकाची आई दारात येऊन उभी राहिली, हातात सोललेल्या पाकळ्यांची ताटली.

"ती चप्पल मन्ही व्हती," ती म्हणाली.

तिने ताटली खाली ठेवली.

"मी कोथमीर लेवाले खाले उतरनी. सगया काढतस तठेच मीबी काढी. परत उनी तर पट्टा तुटेल. मी म्हणनी कोनीतरी पाय दिन्हा व्हई. मंग समजनं का ही बाई पडनी."

"माय, तू आते सांगी ऱ्हायनी?" मालक म्हणाला.

"आते विचारं तू. आधी कव्हय विचारं?"

मालकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गिऱ्हाईकाची चप्पल आणि गिऱ्हाईकाचा पाय हा त्याचा मुद्दा त्याच्या घरातल्याच माणसाने पायरीवरून खाली ढकलला होता. मी तरीही म्हटलं, की आईंनी मुद्दाम केलेलं नाही, सगळे काढतात तिथेच त्यांनी काढली. त्यावर मालक म्हणाला, "काका, तुम्ही कोना बाजूना शेतस ते तरी सांगा."

मग त्यानेच मार्ग काढला. दुकानासाठी बँकेचं कर्ज घेतलं तेव्हा बँकेने दुकानाचा विमा उतरवायला लावला होता, आणि गिऱ्हाईकाला दुकानात इजा झाली तर त्याची भरपाईही त्यात धरली होती, असं त्याला अंधुक आठवत होतं. हप्ता दरवर्षी कापला जातो, मागे कधी कोणी काही मागितलेलं नाही. त्याने एजंटाला फोन लावला. एजंट गुरुवारी येतो म्हणाला.

गुरुवारी आम्ही पुन्हा तिथेच बसलो. एजंट गुळगुळीत दाढी केलेला, प्रसन्न माणूस होता. त्याने चहा घेतला, बायकोच्या हाताची चौकशी केली, पायऱ्यांचे फोटो काढले आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "काका, आपण असं लिहू या की फरशी ओली होती."

"फरशी कोरडी होती," मी म्हटलं.

"ते बरोबर आहे. पण कंपनीला ओली फरशी कळते. ओली फरशी म्हटलं की साहेब पुढे सरकवतात. चपलेवरून पडण्याचा मला अनुभव नाही."

"पण पडली चपलेवरून."

"काका, तुमच्याच फायद्याचं सांगतोय. दुकानदाराला काही पडत नाही, पैसे कंपनीचे जातात. ओल्या फरशीत चाळीसपर्यंतही मागता येतील."

"झालेत अठरा चारशे साठ. चाळीस कशाचे मागू?"

एजंटाने मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "त्यासले नका सांगू, त्या घोडीना भाव काढीसन येल माणूस शेतस."

माझी बायको खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, "ओली फरशी लिखश्यात तर उद्या दुकानमा फरशी पुसनारी बाईले कोनी बोलतीन. ती बिचारीनी काय करं? मी चप्पलमुये पडनी. तेच लिखा."

मालकाची आई मध्येच म्हणाली, "आनि चप्पल मन्ही, तेबी लिखा." एजंटाने तसंच लिहून घेतलं: विमाधारकाच्या आईने पायरीवर काढलेली चप्पल. लिहिताना तो स्वतःशीच हसत होता. मग पेन बंद करून म्हणाला, "डॉक्टरांच्या बिलाचं मी बघतो. मिळायला हरकत नाही. पण ते बारा हजार दोनशे पन्नास विसरा. घरी बसून करतात त्या कामाच्या कमाईचा पुरावा कंपनी मागते. बिलबुक आहे?"

बिलबुक नव्हतं. लग्नघराची बाई ओट्यावर येऊन किती किलो ते सांगते, बायको बोटांवर मोजते, झालं.

बायको उठली. मला वाटलं, पैसे बुडाले म्हणून. ती एजंटाला म्हणाली, "भाऊ, त्या पैसा नही उनात तरी चालतीन." आणि खिडकीतून खालच्या गच्चीकडे बघत उभी राहिली. दुकानाची मागची गच्ची सगळी उन्हात होती. आमच्या गच्चीवर दुपारी शेजारच्या लिंबाची सावली येते.

मालकाची आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "कितला किलो शेत?"

"सत्तर. चाळीस त्या लगीनघरना."

"कव्हय देना?"

"मार्च लागना का लगेच."

"पैसा दीसन बिबडा व्हतीन का?" तिने मागे वळून आम्हा तिघा पुरुषांना विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही. "ज्वारी भिजाड तू. आम्ही पाच जनी ईसूत. घाटा मी हाटसू. तू खुर्चीवर बस आनि बोल."

आमच्या गल्ल्यांत बायका एकमेकींच्या घरी आळीपाळीने पापड-बिबड्यांना जातात, त्यात नवल नाही. पण ही आळीपाळी गल्लीतली असते आणि मालकाची आई आमच्या गल्लीतली नव्हती. ती दुकानाची मालकीण होती आणि आम्ही तिच्याकडे भरपाई मागायला आलो होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मग ते बारा हजार दोनशे पन्नास मागणीतून कमी करावे लागतील. मालक म्हणाला, "कमी करा, काका. आम्हना जीव गया तरी हिशोब जावाले नको."

ज्वारी भिजवणं आणि चक्कीवर नेणं माझ्याकडे आलं. सात दिवस दुकानाच्या मागच्या गच्चीवर काम चाललं. पाच जणी म्हणजे मालकाची आई, तिच्या दोन जावा, एक भाची आणि दुकानात गल्ल्यावर बसणारी धडगावकडची बाई, जिने सुट्टीच्या दिवशीची झोप मोडून दोन सकाळी दिल्या. पहिल्याच दिवशी जिन्याच्या तोंडाशी चपला पडल्या, तेव्हा बायकोने खुर्चीवरूनच सगळ्या भिंतीला लावून घेतल्या.

घाटा हाटायला बळ लागतं. मोठ्या पातेल्यात तो घट्ट होत जातो तसा दांडका फिरेनासा होतो. मालकाच्या आईने बोलल्याप्रमाणे तो एकटीने हाटला. थापण्यात मात्र तिचा हात जड होता. बायकोने खुर्चीतून वाकून एक बिबडा बघितला आणि म्हणाली, "बहिन, हाऊ बिबडा शे का भाकर शे?"

"तुन्हा हात मोडना, तोंड नही मोडनं," ती म्हणाली.

"तोंड मोडतं तर तुम्हना बिबडा लगीनघरले गया असता."

त्या गच्चीवरून इतकं हसणं खाली येत होतं की दुकानातली गिऱ्हाइकं वर काय चाललंय म्हणून विचारत. माझं काम कावळे हाकलायचं आणि संध्याकाळी वाळलेले बिबडे तोलायचं. मालक दुपारी चहा घेऊन वर येई आणि एखादा ओला बिबडा तोंडात टाकून आईच्या शिव्या खाई. मधल्या काळात एजंटाच्या सांगण्यावरून त्याने दारावर पाटी लावली: "कृपया चप्पल घालून आत यावे." लोक पाटी वाचत, पाटीखाली चप्पल काढत आणि आत जात. शेवटी त्याने घोडी आणली. बाराशेत नाही मिळाली, साडेतेराशे पडले. ते त्याने मला मुद्दाम सांगितलं.

वजन भरलं एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम. लग्नघराचे चाळीस किलो आम्ही टेम्पोने नेऊन दिले. तिथल्या बाईने एक मोडून उजेडात धरून बघितला. बायको तिच्या तोंडाकडे बघत होती, काट्यावर शेतकरी माझ्याकडे बघतो तशी. ती बाई म्हणाली, "यंदाना हात येगळा लागी ऱ्हायना, पन चांगला शेत. पुढला वरीसले धाकलीनं लगीन शे. पन्नास लागतीन." बायकोने डाव्या हाताने पदर सारखा केला आणि हो म्हणाली. परत येताना टेम्पोत मी किती ते विचारलं नाही, कारण पन्नास मला ऐकू आलं होतं.

आता काय दिलं गेलं आणि कोणाला, ते.

विमा कंपनीने एप्रिलमध्ये बायकोच्या खात्यात पाच हजार दोनशे पन्नास जमा केले. साध्या चिठ्ठीवर आणलेल्या औषधांचे सहाशे वीस कापले. ते सहाशे वीस आणि रिक्षाचे तीनशे चाळीस, असे नऊशे साठ दुकानाच्या मालकाने मला रोख दिले. सत्तर किलोंचे गिऱ्हाइकांकडून बावीस हजार चारशे आले. त्यातून ज्वारी, तेल, तीळ, गॅस आणि चक्कीचे दहा हजार दीडशे गेले, राहिले बारा हजार दोनशे पन्नास. त्यांतून बायकोने पाच जणींना प्रत्येकी सातशे दिले. चौघींनी एकदा नको म्हणून घेतले. मालकाच्या आईने तीनदा नको म्हटलं, चौथ्यांदा घेतले, वर उरलेल्या एक किलो चारशेमधून एक किलो मागितला आणि त्याचे तीनशे वीस तिथेच बायकोच्या हातावर ठेवले. आईकडे त्या सातशेतले राहिले तीनशे ऐंशी.